टोमॅटोची रोपं उंच झाली, खाचर अजून रिकामं नाही

प्रश्न : पडवीत ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं केली. पावसामुळे भातकापणी लांबली, खाचर मोकळं व्हायला अजून आठ-दहा दिवस लागतील. रोपं वीतभराच्या वर गेली, किडकिडीत झाली, काही आडवी पडतात. ही लावायची की टाकून द्यायची? शेंडे खुडले तर चालेल का? (गुहागर आणि मालवण भागातून आलेले प्रश्न)

उत्तर : सरसकट टाकू नका. एरवी २५ ते ३० दिवसांचं, १२ ते १५ सेंमी उंचीचं, पाच-सहा पानांचं रोप लावणीला योग्य धरतात. पडवीत उजेड एकाच बाजूने येतो. त्यात दाटी आणि रोजचं पाणी, मग रोप उजेडाकडे ताणत जातं आणि खोड पोसत नाही. पण नुसत्या उंचीने टोमॅटोचं रोप वाया जात नाही. पाहायचं ते मूळ आणि बूड.

ट्रेमधून चार-पाच रोपं मातीसकट अलगद काढा. मुळं पांढरी असतील तर रोप चांगलं. तपकिरी, लिबलिबीत झाली असतील किंवा बुडाशी खोड काळं पडून बारीक झालं असेल तर ते रोप टाका. पानं बारीक, सुरकुतलेली, वर वळलेली दिसली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ रोग असू शकतो. असं रोप दया न दाखवता उपटून पुरून टाका, एका रोपावरून सगळा वाफा बाधित होतो. फुलं किंवा कळ्या आल्या असतील तर त्या खुडा.

उरलेली रोपं आजच लहान पिशव्यांत हलवा. निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं बोटांनी जरा मोकळी करा आणि खोड खालच्या पानांपर्यंत मातीत जाऊ द्या. नीट पाहिलंत तर खोडाच्या खालच्या भागावर बारीक पांढरट पुळ्या दिसतील. त्यांतूनच नवी मुळं फुटतात. वांगी-मिरचीला ही सवय एवढी नाही, म्हणून हा सल्ला त्यांना लावू नका.

आता रोपं काटक करायची. पहिले दोन दिवस खळ्यात फक्त सकाळचं कोवळं ऊन, दोनेक तास. मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात दिवसभराच्या उन्हावर आणा. पाऊस ओसरल्यानंतरचं ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. पडवीतलं रोप एकदम त्यात ठेवलं तर पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. किनाऱ्यालगत वारा जोराचा असेल तर माडाच्या झावळ्यांचा आडोसा करा. हलकं वारं मात्र लागू द्या, त्याने खोड जाड होतं. पानं कोरडी असताना सकाळ-संध्याकाळ शेंड्यांवरून हलका हात फिरवला तरी तोच परिणाम मिळतो. पाणी कमी करा, पण रोपांना माना टाकू देऊ नका. युरिया अजिबात नको, उंची आणखी वाढेल.

शेंडा खुडण्याची घाई करू नका. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून नवे फुटवे, येते खरी, पण फळं आठवडाभर किंवा त्याहून उशिरा लागतात, आणि पुढे उन्हाळ्यात रात्री गरम झाल्या की फळधारणा घटते. ठरावीक उंचीवर वाढ थांबणाऱ्या झुडपी वाणाचा शेंडा तर खुडूच नये.

लावणी दुपारी चारनंतर. उंच रोप सरळ खोल खड्ड्यात पुरणं भाताच्या खाचरात धोक्याचं आहे, कारण खाली ओल टिकते आणि बूड कुजतं. गादीवाफा किंवा वरंबा करा, त्यावर सात-आठ सेंमी खोल तिरकी चर काढा. खालची पानं आदल्या दिवशीच काढा म्हणजे जखमा सुकतात. खोड चरीत तिरकं निजवून माती ओढा, वरची चार-पाच पानं बाहेर राहू द्या. शेंडा हाताने वाकवून उभा करू नका, मोडतो. दोन-तीन दिवसांत तो आपोआप वर वळतो. काठी खोड पुरलंय त्याच्या विरुद्ध बाजूला रोवा. दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवा. कलमी रोपं आणली असतील तर खोड पिशवीत किंवा चरीत पुरू नका. कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या भागाला मुळं फुटून रोगप्रतिकारक खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळाकडचा भाग) वापरल्याचा उपयोगच राहत नाही.

जागेबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. आपल्या उष्ण, दमट हवेत आणि आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे हिरवं झाड कोमेजून मरण्याचा रोग, फार नुकसान करते. पावसाळाभर पाणी साठलेलं भाताचं खाचर त्या मानाने बरं. परसात गेल्या हंगामात वांगी, मिरची किंवा टोमॅटो लावलेल्या जागी ही रोपं लावू नका. ज्यांच्याकडे मर नेहमी येते त्यांनी पुढच्या वेळी बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का रक्षक या संकरित वाणाचा विचार करावा, तो या मरीला प्रतिकारक आहे.

लावणीनंतर हिरवंगार झाड अचानक कोमेजलं तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर ती जिवाणूजन्य मरच. झाड मुळासकट काढून जाळा, त्या आळ्यातलं पाणी शेजारच्या आळ्यात जाऊ देऊ नका आणि नांगा (मेलेल्या झाडाची रिकामी जागा) भरायला त्या जागी पुन्हा टोमॅटो लावू नका.