थेरेमिन घ्यायचं, पण एफडी मोडून?

प्रश्न: नागपुरात मनीषनगरला भाड्याने राहतो. पगार 42,000, खर्च 30,000. बचत म्हणजे 60,000 ची एफडी. थेरेमिन शिकायचंय, म्हणजे स्पर्श न करता, अँटेनांजवळ हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. मूग (Moog) कंपनीचं थेरेमिनी हे मॉडेल परदेशी दुकानात 35,000 ला आहे, पाठवणी 4,500. नाहीतर एका अँटेनाचं 3,000 चं किट. एफडी मोडू का?

उत्तर: नको. ती एफडी म्हणजे तुमचा जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. शिवाय 39,500 हा खरा आकडाच नाही. कार्डावर साडेतीन टक्के विदेशी चलन शुल्क आणि त्यावर जीएसटी धरला, तर साधारण 1,630 वाढतात. कस्टम ड्यूटी, आयजीएसटी आणि कुरिअरची फी यांसाठी मी आणखी 15,000 बाजूला ठेवेन. म्हणजे झाले साधारण 56,000.

स्वस्त किटही घेऊ नका. त्यात फक्त सुराचा अँटेना असतो. उजवा हात स्वर बदलतो. आवाज कमी-जास्त करणारा आडवा अँटेना डाव्या हातासाठी असतो. तो नसला की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली घसरगुंडी लपवता येत नाही, स्वर तोडता येत नाहीत. अशा किटवर वाजवण्याची निम्मी विद्या राहूनच जाते.

8,000 ची आरडी सात महिने चालवा, 56,000 जमतील. उरलेले 4,000 एफडीच्या जोडीला. ‘नो कॉस्ट’ ईएमआय दिसला तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्या. इतकं थांबवत नसेल तर ओपन.थेरेमिन बघा: दोन्ही अँटेना, आराखडे खुले आणि थेरेमिनीपेक्षा स्वस्त. मात्र त्याला स्पीकर वेगळा लागतो. थेरेमिनीत छोटा स्पीकर आतच आहे. थेरेमिनीत सूर आपोआप जुळवणारं बटणही आहे, ते शिकताना शून्यावर ठेवा. नाहीतर कान तयारच होत नाही.

आणखी एक खर्च, छोटा पण आधीचा: इलेक्ट्रिशियनकडून खोलीतलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या भाड्याच्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते. मग सूर डगमगतो आणि लोक वाद्याला दोष देतात. पत्र्याचा कूलर आणि लोखंडी कपाट निदान दीड मीटर लांब हवं, कारण अँटेनाला तुमचा हात जसा जाणवतो तसंच जवळचं धातूही. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मगच सूर लावा. मे महिन्यात कूलर चालू-बंद झाला की पुन्हा लावावा लागेल.

विकायची वेळ आली तर नागपुरात गिऱ्हाईक मिळणं कठीण. तेव्हा खोका आणि पावती जपून ठेवा.