संकेतस्थळाच्या सांभाळाचा हिशेब

नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक मांडण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत संकेतस्थळाच्या खर्चाची विचारणा हमखास असते. या वेळी नागपूर शहरातूनच अशी तीन पत्रे आली असून तिन्ही येथे घेत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात दिसणारी अडचण अनेक संस्थांची आहे.

प्रश्न : महाल भागातील आमच्या वाचनालयाने २०२२ मध्ये एका स्थानिक व्यावसायिकाकडून ४५,००० रुपयांत संकेतस्थळ करून घेतले. पहिल्या वर्षी वेगळे काही द्यावे लागले नाही. त्यानंतर मात्र दरवर्षी ‘वार्षिक देखभाल’ अशा एकाच ओळीचे १४,१६० रुपयांचे बिल येते. गेल्या दिवाळीच्या सुमारास डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, नूतनीकरण राहून गेल्याने संकेतस्थळ नऊ दिवस बंद होते आणि नेमकी त्याच वेळी दिवाळी अंक योजनेची नोंदणी सुरू होती. कोषाध्यक्षांचे म्हणणे असे की, एकदा बांधून झालेल्या गोष्टीला दरवर्षी पैसे कशाला? खर्च वाचवण्यासाठी वाचनालयातल्याच जुन्या संगणकावर संकेतस्थळ ठेवावे, असे एका सदस्यांनी सुचवले आहे. मार्चच्या सभेपुढे किती रक्कम ठेवावी?
— कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय, महाल

उत्तर : आपल्या कोषाध्यक्षांना ग्रंथांचेच उदाहरण द्यावे. ग्रंथ एकदाच विकत घेतला जातो. तरी बांधणी, वाळवीचे औषध आणि कपाटांची दुरुस्ती यांसाठी वाचनालय दरवर्षी तरतूद करते आणि त्याबद्दल सभेत कोणी हरकत घेत नाही. संकेतस्थळाचा खर्चही याच जातीचा आहे. फरक एवढाच की वाळवी डोळ्यांना दिसते.

रकमेकडे वळण्यापूर्वी त्या एका ओळीच्या बिलाविषयी बोलले पाहिजे. १४,१६० म्हणजे १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के दराने २,१६० रुपये वस्तू व सेवा कर. कर आकारला असेल तर बिलावर त्या व्यावसायिकाचा जीएसटी क्रमांक असायला हवा. केवळ सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला ही नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसेल तर कर घेताही येत नाही. आपली संस्था या कराखाली नोंदलेली नसल्यास हे २,१६० रुपये परत मिळण्याचा मार्ग नाही, म्हणून अंदाजपत्रकात रक्कम नेहमी करासह धरावी. उरलेल्या १२,००० रुपयांत डोमेन किती, होस्टिंग (संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवले जाते त्याचे भाडे) किती, बॅकअपची, म्हणजे राखीव प्रतीची, जागा किती आणि माणसाच्या कामाचे तास किती, हे त्या व्यावसायिकाकडून लेखी मागून घ्यावे. ही फोड द्यायला जो तयार नसतो, त्याच्याकडे बहुधा कामाचे तास शून्य असतात, असा आमचा अनुभव आहे.

आता डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते आणि ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असू शकते. मुदत टळल्यानंतर काय होते हे आपण नऊ दिवस पाहिले, पण ते थोडक्यात निभावले असे समजावे. मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी साधारणपणे काही दिवस नेहमीच्याच दराने नूतनीकरण करू देते. ती सवलत संपून नाव रद्द झाले, की ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’सारख्या नावांसाठी ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत लागते आणि त्या काळात नाव परत घ्यायचे तर मूळ दराच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. पुढचे ५ दिवस ते कोणालाच मिळत नाही आणि त्यानंतर जो आधी नोंदवील त्याचे होते. एवढी वर्षे वाचकांच्या ओळखीचे झालेले नाव कोण्या परक्याच्या हाती गेले, तर त्याची भरपाई कोणत्याही तरतुदीतून होणार नाही. म्हणून डोमेन एकदम ५ वर्षांसाठी नोंदवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोणाच्या नावावर नोंदवले आहे हे आजच तपासावे. ते त्या व्यावसायिकाच्या खात्यात असेल, तर सभेच्या आधीच संस्थेच्या नावावर करून घ्यावे आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणा एका कार्यवाहांच्या खासगी पत्त्यावर न जाता पदाच्या ई-मेलवर येतील अशी व्यवस्था करावी. कार्यकारिणी बदलते, जुन्या कार्यवाहांच्या पेटीत पडलेली सूचना कोणी उघडत नाही.

होस्टिंगच्या बाबतीत सल्ला नेमका उलट आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला दर पहिल्या मुदतीपुरता असतो आणि नूतनीकरणाचा दर त्याहून बराच चढा असतो. पहिल्या वर्षी आपल्याला काही द्यावे लागले नाही याचा अर्थ तो खर्च ४५,००० रुपयांत मिळवलेला होता, एवढाच. अंदाजपत्रकासाठी पहिल्या वर्षाचे बिल निरुपयोगी असते. दुसऱ्या वर्षाचे बिल समोर ठेवावे. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते खरी, परंतु सेवा वाईट निघाली तर बाहेर पडणे जड जाते, म्हणून वर्षापुरताच व्यवहार ठेवावा. ‘एसएसएल’ प्रमाणपत्राचे (वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कारण विचारावे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा तत्त्वावरची व्यवस्था २०१५ च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. त्यांची मुदत थोड्या दिवसांची असली तरी नूतनीकरण आपोआप होण्याची सोय बहुतेक होस्टिंग कंपन्यांकडे असते आणि वाचनालयाला ते पुरेसे आहे.

ई-मेलचा खर्च मात्र नकळत वाढतो, कारण तो दर खात्यामागे दर महिन्याला लागतो. अकरा सदस्यांना अकरा पेट्या देण्याची गरज नसते; कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि ग्रंथपाल या तीन पदांच्या पेट्यांवर काम भागते. नोंदणीकृत ना-नफा संस्थांसाठी गूगलची विनामूल्य योजना भारतातही आहे, तेव्हा आधी तिथे अर्ज करून पाहावा.

खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे आणि अंदाजपत्रकात नेमका तोच गाळला जातो. आपले संकेतस्थळ बहुधा वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीवर असेल. ती प्रणाली २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, पण ती स्वतः, तिच्यावर बसवलेली प्लगइन (जादा सोयी देणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर) आणि तिच्याखाली चालणारी पीएचपी ही संगणकभाषा, या तिन्हींच्या आवृत्त्या सतत बदलत असतात. एक उदाहरण पाहावे. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ रोजी थांबली. आपले संकेतस्थळ त्याच वर्षी त्या आवृत्तीवर उभे केले असेल, तर वर्षाच्या आतच ते पुढच्या आवृत्तीवर नेणे भाग होते. हे काम बटण दाबून होते असे सांगितले जाते, परंतु एखादे जुने प्लगइन नव्या आवृत्तीवर चालत नाही आणि ग्रंथसूचीचे पान कोरे दिसू लागते. मग ते शोधण्यात कोणाची तरी दुपार जाते. महिन्याला निदान दोन तास, म्हणजे वर्षाला २४ तास, या कामासाठी लेखी ठरवून घ्यावेत. त्यांत दर तिमाहीला एकदा बॅकअपवरून संकेतस्थळ दुसरीकडे उभे करून दाखवण्याची अटही घालावी. न उघडून पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नये.

मांडणी कळावी म्हणून काही आकडे घेऊ. आपल्या कोटेशनातले आकडे त्यांच्या जागी भरावेत. डोमेन १,२००, होस्टिंग ५,००० आणि बॅकअपची स्वतंत्र जागा १,५०० असे मिळून ७,७०० रुपये झाले. तासाला ५०० रुपये धरल्यास २४ तासांचे १२,००० रुपये होतात. याशिवाय संकेतस्थळ साधारण ५ वर्षांनी नव्याने बांधावे लागते, म्हणून मूळ ४५,००० रुपयांचा पाचवा हिस्सा, म्हणजे ९,००० रुपये, घसाऱ्यासारखा दरवर्षी बाजूला ठेवावा. एकूण २८,७०० रुपये. त्यांपैकी बाहेर जाणाऱ्या रकमेवर जिथे लागू असेल तिथे कर. हा आकडा सध्याच्या बिलाच्या दुप्पट आहे हे आम्हांस ठाऊक आहे. सभेला तो जड वाटल्यास संकेतस्थळ लहान करावे, शोभेची प्लगइन काढून टाकावीत, छायाचित्रांचे दालन बंद करावे. माणसाचे तास मात्र कापू नयेत.

जुन्या संगणकाची सूचना नम्रपणे बाजूला ठेवावी. चोवीस तासांची वीज, इन्व्हर्टर आणि स्थिर आयपी पत्त्याचे (इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचे) वेगळे शुल्क एकत्र केले की होस्टिंगपेक्षा खर्च वाढतो. शिवाय नागपूरचा मे महिना आहे. ४५ अंशांच्या दुपारी बंद खोलीत तो संगणक तापून बसेल आणि कूलर लावला तर ओल्या ताट्यांवरून येणारी दमट हवा त्याच्या आत जाईल.

प्रश्न : पेंच आणि ताडोबा येथील सहलींची नोंदणी आम्ही पती-पत्नी धरमपेठेतून स्वतःच्या संकेतस्थळावर घेतो. होस्टिंग परदेशी कंपनीचे असून डॉलरमध्ये दरमहा कार्डावरून पैसे कापले जातात. कधी रक्कम वेगळी येते, तर कधी व्यवहारच नाकारला जातो आणि संकेतस्थळ बंद पडण्याची नोटीस येते. पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेची, कपातही आम्ही देखभालीतच धरतो. हा सगळा खर्च आधी कसा बांधावा?
— एक व्यावसायिक दांपत्य, धरमपेठ

उत्तर : पेमेंट गेटवेची कपात आधी देखभालीतून बाहेर काढावी. तो विक्रीचा खर्च आहे; नोंदणी वाढली की तोही वाढणार. गेटवे २ टक्के घेत असेल आणि त्या शुल्कावर १८ टक्के कर असेल, तर १०,००० रुपयांच्या नोंदणीवर २३६ रुपये जातात. ते सहलीच्या दरातच धरलेले बरे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यवहारांना व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे बँकशुल्क शून्य आहे. तरीही गेटवे आपले वेगळे सेवाशुल्क लावू शकतो, म्हणून करार वाचावा आणि ग्राहकांना यूपीआयचा पर्याय सर्वांत वर दाखवावा.

व्यवहार नाकारला जाण्याचे बहुधा कारण असे की, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार होणाऱ्या कपातीसाठी ग्राहकाने आधी स्वतंत्र संमती नोंदवावी लागते आणि कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी लागते. विनाओटीपी कपातीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. परदेशी कंपनीने ही व्यवस्था नीट जोडलेली नसेल, तर दर महिन्याला हीच रड राहील. त्यावर सोपा उपाय म्हणजे वर्षाचे पैसे एकदम, स्वतः ओटीपी टाकून भरणे. महालच्या वाचनालयालाही आम्ही वर्षाचाच हिशेब सुचवला आहे. आपल्या बाबतीत त्याला हे आणखी एक कारण. रक्कम बदलते ती विनिमय दरामुळे आणि बँक त्यावर जे परकीय चलनाचे शुल्क लावते त्यामुळे. आजच्या दराने रुपयांत येणाऱ्या आकड्यावर १० टक्के वाढवून तरतूद केली तर वर्ष निभावते. भारतीय कंपनीकडे रुपयांत मिळणारी तेवढीच सेवा असेल तर तिकडे जाण्याचा विचार जरूर करावा, मात्र तो हंगामात करू नये.

हंगामाचाच मुद्दा आपल्या फायद्याचा आहे. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि १ ऑक्टोबरला पुन्हा सुरू होते. आवृत्ती बदलणे, होस्टिंग हलवणे, नोंदणीचे पान नव्याने तपासणे ही जोखमीची कामे त्या तीन महिन्यांतच ठेवावीत आणि त्यांची रक्कम हंगामाच्या मिळकतीतून जूनअखेरच वेगळी काढावी. वाघांची मूळ आकाराची छायाचित्रे पानावर टाकत असाल तर तेही थांबवावे. पाच-सहा एमबीचे एक छायाचित्र योग्य प्रकारे लहान केल्यास पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ‘जागा संपली, वरची योजना घ्या’ अशी होस्टिंगवाल्यांची पत्रे येणे पुष्कळ अंशी बंद होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. गेल्या तीस वर्षांत गोळा केलेली झाडीबोलीतील लोकगीते आणि काही ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर ठेवायची आहेत. वर्षाला २,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च मला झेपणार नाही. एवढ्यात होईल का? नाव देवनागरीत मिळाले तर आनंद होईल.
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : गुरुजी, होईल आणि पैसे उरतील. आपल्या पानांवर खरेदी-विक्री नाही, सभासदत्व नाही. तेव्हा वर्डप्रेसच्या भानगडीत न पडता साधी स्थिर पाने, म्हणजे ज्यांच्यामागे अशी कोणतीही प्रणाली चालत नाही अशी पाने, करून घ्यावीत. अशी पाने गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवांवर विनामूल्य ठेवता येतात, त्यांना आवृत्त्यांची देखभाल जवळजवळ लागत नाही आणि खर्च केवळ डोमेनचा राहतो. ध्वनिमुद्रणे जड असतात; ती इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य चढवून आपल्या पानांवरून त्यांचे दुवे द्यावेत. गाणाऱ्या स्त्री-पुरुषांची किंवा त्यांच्या घरच्यांची संमती मात्र आधी घ्यावी.

देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून मिळते. ते जरूर घ्यावे, पण एकटे घेऊ नये. काही ठिकाणी ते चिकटवले की त्याचे रोमन अक्षरांतील विचित्र रूप दिसते आणि ई-मेलसाठी ते सगळीकडे चालत नाही. सोबत एक ‘डॉट इन’ नाव घेऊन दोन्ही एकाच पानावर आणावीत. नोंदणी करताना दोहोंचा नूतनीकरणाचा दर विचारून घ्यावा.

उरलेल्या पैशांतून पहिल्या वर्षी एक चांगली पेन ड्राइव्ह घ्यावी आणि सगळी गीते व मूळ मुद्रणे तीवर उतरवून ती घराबाहेर, मुलाकडे किंवा मुलीकडे, ठेवावी. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख एका कागदावर लिहून तो कागद मात्र आपल्या बँकेच्या पासबुकात राहू द्यावा; घरची मंडळी तिथेच आधी पाहतील.