रात्री-अपरात्री अनोळखी लोकांना ‘मला जगायचं नाही’ असं ऑनलाइन सांगणारे खरंच गंभीर असतात का? त्यांना उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर एक मुलगा दोनदा असं लिहून गेला. त्याला कुणी ओळखत नाही आणि बाकीच्यांचं म्हणणं पडलं, ‘गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करेल काय.’ ही म्हण मी माझ्याच घरात, माझ्या सख्ख्या भावाबद्दल ऐकलेली आहे. म्हणून लिहायला बसले.

उत्तर द्यावं. आणि बोलणारे करत नाहीत हे साफ खोटं आहे. जीव दिलेल्या पुष्कळ माणसांनी त्याआधी कुणाजवळ तरी बोलून दाखवलेलं असतं, कधी स्पष्ट, कधी आडून. ऐकणाऱ्यानं ते मनावर घेतलेलं नसतं, एवढंच.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एमपीएससी करत होता. सदाशिव पेठेत खोली, जवळच अभ्यासिका, एका मावशींकडचा डबा. त्याच्या बॅचचं काय झालं ते आठवत असेल. एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्व आधी कोरोनामुळे पुढे गेली, मग मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गेली, आणि १४ मार्च २०२१ ची तारीख तीन दिवसांवर आल्यावर पुन्हा पुढे ढकलली. ११ मार्चला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे २१ मार्चला पेपर झाला. नुसत्या परीक्षेनं कुणी खचत नाही हे मलाही कळतं. पण वय वाढत होतं, वडिलांचं आजारपण चालू होतं, आणि घरून येणारे पैसे कुठून उभे होतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आम्ही फोन केला की म्हणायचा, ‘बरं चाललंय ताई, अभ्यास सुरू आहे.’

त्या पावसाळ्यात एका रात्री त्यानं चालू घडामोडींच्या ग्रुपवर खोट्या नावानं लिहिलं, ‘आता बास. मला पुढं जायचंच नाही.’ एकानं हसरा चेहरा टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, ‘ग्रुपचे नियम वाचा, फक्त अभ्यासाचं टाका.’ ॲडमिननं मेसेज उडवला.

तो उडण्याआधी एकानं वाचला होता. अकोल्याच्या बाजूला पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा, तलाठी भरतीची तयारी करणारा एक मुलगा. त्यानं भावाला वेगळा मेसेज केला. तो सगळा संवाद भावानं मला नंतर दाखवला. त्याला विचारूनच इथे लिहिते आहे.

पहिला मेसेज होता, ‘भाऊ, जेवलास का?’ उत्तर नाही. मग, ‘मी पंपावर ड्यूटीला आहे, सकाळपर्यंत जागाच आहे. तू लिही, मी वाचतो.’ बऱ्याच वेळानं भावानं लिहिलं, ‘झोप येत नाही.’ त्यावर तो म्हणतो, ‘सरळ विचारतो, राग मानू नको. जीव द्यायचा विचार करतोयस का?’

भावानं लिहिलं, ‘हो.’

तोवर हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. लोक घाबरतात, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल म्हणून. तसं होत नाही. यावर भरपूर अभ्यास झालेला आहे आणि मानसोपचाराचे डॉक्टरही स्पष्ट शब्दांत विचारायलाच सांगतात. विचारल्यानं माणसाला हायसं वाटतं, कारण मनात दाबून ठेवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आलेली असते.

पुढे त्या मुलानं ‘आईबापाचा विचार कर’ असं लिहिलं नाही. ‘तुझ्यापेक्षा हलाखीत लोक जगतात’ हेही नाही. फक्त ‘कधीपासून?’ विचारलं आणि भाऊ लिहीत सुटला. मध्येच मेसेज येतो, ‘गाडी आली, डिझेल भरून येतो. जाऊ नको कुठं.’ मग, ‘आलो. सांग.’ असं कितीतरी वेळा. ट्रक येतो, हा उठतो, परत येतो, ‘हं, पुढं?’

मग त्यानं विचारलं, खोलीत सोबत कोण आहे. कुणीच नव्हतं. ‘मग खाली उतर, रस्त्यावर दिव्याखाली उभा राहा अन् तिथून लिही.’ भाऊ उतरला. त्यानंतर, ‘कोणाचा फोन आला तर तू उचलशीलच?’ ‘ताईचा.’ ‘नंबर दे. मी ताईला सांगणार आहे. सांगणार नाही असं खोटं बोलत नाही.’

भावानं नंबर दिला. तो मुलगा अनोळखी होता म्हणूनच दिला, असं भाऊ आजही म्हणतो.

मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रकचा आवाज. ‘ताई, तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा भाऊ आत्ता बरा आहे, रस्त्यावर उभा आहे. पण त्याला आज एकटं ठेवू नका.’ ‘बरा आहे’ हे त्यानं आधी सांगितलं, त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी राहीन. मी डबेवाल्या मावशींना उठवलं, त्यांचा मुलगा गाडी काढून पाच मिनिटांत पोहोचला. पहाटे मी आणि माझे मिस्टर सांगलीहून निघालो. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. डिप्रेशन होतं. औषधं चालली, समुपदेशन चाललं, मध्ये एकदा पुन्हा ढासळला, पुन्हा सावरला. आज नोकरीला आहे, मागच्या वर्षी लग्न झालं.

आता आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते. भाऊ घरी आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. आम्ही काय मेलो होतो?’ मागे वळून आईला म्हणाले, ‘नाटकं आहेत. बोलेल तो करेल काय.’ अजूनही कुठे विषय निघाला की ते म्हणतात, हल्लीच्या पोरांना घरचे नकोत, मोबाइलमधले परके पाहिजेत.

तात्या, तुम्ही हे वाचणार नाही, पण घरच्यांना सांगता येत नाही म्हणूनच माणूस परक्याला सांगतो. घरच्याला सांगितलं की आई रडते, बाप चिडतो, चुलते अब्रूचं बोलतात, आणि आधीच बुडत असलेल्यानं या सगळ्यांची समजूत काढायची. परक्याचं त्याच्यावर काही देणं नसतं. त्याच्यासमोर उद्या जेवायला बसायचं नसतं.

आणि हे मोबाइलनं आणलेलं खूळ नव्हे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या पाद्र्यानं आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी चर्चमध्ये फोन ठेवला. लोक त्याला भेटायला येऊन बसत. बसलेल्यांना चहा-कॉफी देणारे साधे स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत, आणि कित्येक जण पाद्र्याला न भेटताच हलके होऊन घरी जात. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खरं काम ही साधी माणसंच करताहेत. त्यातून समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. आपल्याकडेही चेन्नईत १९८६ पासून स्नेहा ही संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर चालते. नाव-गाव न सांगता परक्याशी बोलता येणं हाच त्या सगळ्याचा पाया आहे.

तात्यांची दुसरी भीती होती पोलीस केसची. ‘केस झाली तर सरकारी नोकरी गेली, तोंड बंद ठेवा.’ मी वकिलांच्या ऑफिसात काम करते, म्हणून यावर ठामपणे लिहू शकते. मनात विचार येणं किंवा तो बोलून दाखवणं हा कधीच गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो प्रयत्न, भारतीय दंड विधानाचं कलम ३०९. मुंबई उच्च न्यायालयानं ते १९८६ साली, मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, घटनाबाह्य ठरवलं होतं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं, पण १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं कलम परत वैध ठरवलं. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आलं: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुनं ३०९ नाहीच. आता आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख उरला आहे तो सरकारी नोकराला अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरता. म्हणजे केसच्या भीतीनं कुणाचं तोंड बंद ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट ग्रुपवर जे ‘मग दे की जीव’ असं लिहितात त्यांनी कायदा वाचावा. आत्महत्येला प्रवृत्त करणं हा संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. हा आकडा समोर असताना ‘लक्ष वेधून घेतात’ म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचंय, घेतलं लक्ष तर बिघडलं काय? लक्षच हवं असतं त्याला. दहापैकी नऊ जण थट्टा करत असतील असं धरून चाला. तुमची तासाभराची झोप जाईल.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही डॉक्टर नाही आणि तो पंपावरचा मुलगाही नव्हता. त्यानं उपचार केले नाहीत. ती रात्र काढली आणि भावाला घरच्यांच्या हातात दिलं. तेवढंच तुमचं काम. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. चर्चा ग्रुपवर करू नका, वेगळ्यानं लिहा. कसं, कशानं याच्या तपशिलात शिरू नका. फक्त जवळ धोक्याचं काही असेल तर त्यापासून लांब, माणसांत जायला सांगा. जवळच्या एकाचा नंबर मिळवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक द्या. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्हाला पुढे काय बोलावं सुचत नसेल तर तुम्हीही तिथे विचारू शकता. तो आत्ताच काही करायच्या बेतात आहे असं वाटलं तर ११२ लावा.

पत्ता माहीत नसेल तर काय, असंही तुम्ही विचारलंय. ॲपमध्ये तक्रार करण्याची सोय असते, ती वापरा आणि सायबर पोलिसांना कळवा. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या लोकांनी मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवलं आणि धुळ्यातल्या एका तरुणापर्यंत पोलीस वेळेत पोहोचले. दरवेळी असं जमेलच याची खात्री मी देत नाही. तुम्ही सगळं करूनही माणूस हाताला लागला नाही, तर तो दोष तुमचा नाही, हेही आधीच ऐकून ठेवा.

सगळेच परके भले नसतात, हेही खरं. काही ठिकाणी खचलेली माणसं जमून एकमेकांना आणखी खोल ओढतात, कुणी वर पद्धती सांगतं. भावाला तशीही एक जागा आधी सापडली होती. तिथून तो बाहेर पडला हे नशीब. ओळख सोपी आहे. जो तुम्हाला घरच्या किंवा डॉक्टरच्या दिशेनं ढकलतो तो आपला. जो ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणतो त्याला ब्लॉक करा.

आणि हा प्रश्न दुसऱ्याचं निमित्त करून स्वतःबद्दल विचारला असेल, तसं पुष्कळदा असतं, तर वरचा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. आत्ताच लावा. फोनवर बोलणं जड जात असेल तर शेजारच्या खोलीतल्या मुलाला नुसतं ‘माझ्यासोबत थोडा वेळ बस’ म्हणा. कारण सांगायलाच पाहिजे असं नाही. तो बसेल.

त्या मुलाचं नाव तुमच्या ग्रुपमध्ये अजून दिसत असेल तर आधी त्याला मेसेज करा. काय लिहू सुचलं नाही तर जेवलास का विचारा. माझ्या उत्तरावर कमेंट नंतर केलीत तरी चालेल.