भातशेतीतून मिथेन (हवामान तापवणारा वायू) का निघतो? जमीन वेगळ्या पद्धतीने वापरली तर तो कमी होईल का?

होतो, आणि त्यासाठी भात सोडायची गरज नाही. मूळ कारण साचलेलं पाणी. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन पोहोचत नाही, मग तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन तयार करतात. चिखलात पाय रोवला की बुडबुडे वर येतात ना, त्यात तोच असतो; पण बराचसा वायू भाताच्या रोपातूनच बाहेर पडतो. पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटर उतरू द्यायचं आणि मग पुन्हा भरायचं, एवढ्याने उत्सर्जन साधारण ३० ते ५० टक्के घटू शकतं. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नका.

जमिनीच्या वापरात गुरांची कुरणंही आली. गुरांचा मिथेन मुख्यतः पोटात चारा आंबताना तयार होतो आणि ढेकरांतून बाहेर पडतो. त्यात कुरणासाठी जंगल तोडणंही मला घातक वाटतं, कारण जंगलाची कोरडी माती हवेतला थोडा मिथेन शोषत असते.