गर्दी होती, तरी संघ गेले: कॅनडातल्या खेळांच्या पैशाविषयी तुमचे प्रश्न

कॅनडातल्या व्यावसायिक संघांच्या जमाखर्चावर मी लिहू लागल्यापासून वाचकांच्या पत्रांत एक गृहीतक हमखास असतं: खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणजे चाहतेच कच्चे, आणि संघ शहर सोडून गेला म्हणजे शहराचीच लायकी नव्हती. मला हे पटत नाही. या वेळच्या उत्तरांमध्ये त्याची कारणं जागोजागी येतील.

प्रश्न (मिसिसागा): आइस हॉकीतल्या टोरांटो मेपल लीफ्सनी १९६७ नंतर स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेलं नाही. तरी तिकीट परवडत नाही आणि मिळतही नाही. मग मालकांना जिंकायची गरजच काय?

तुमचा वैताग समजतो. स्कोशियाबँक अरीनात जेमतेम १८,८०० प्रेक्षक बसतात आणि बाहेर अख्खा ग्रेटर टोरांटो उभा आहे. पूर्ण हंगामाची सीझन तिकिटं घराण्यात पुढच्या पिढीकडे जातात, नाहीतर डाउनटाउनमधल्या कंपन्यांकडे असतात. दुसरा पिरियड सुरू होऊन पाच मिनिटं झाली तरी खालच्या महागड्या रांगा अर्ध्या रिकाम्या दिसतात, कारण ती मंडळी अजून आतल्या लाउंजमध्येच असतात. खरा चाहता त्या वेळी घरी टीव्हीसमोर बसलेला असतो.

संघ हरला तरी मालकाचं भलं होतं, हे खरंच आहे. एकेकाळी या संघाची मालकी ऑन्टारियोतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे होती. त्यांनी आपला जवळजवळ ८० टक्के हिस्सा २०१२ मध्ये बेल आणि रॉजर्स या दूरसंचार कंपन्यांना सुमारे १.३ अब्ज डॉलरना विकला. पुढे रॉजर्सने बेलचा ३७.५ टक्के हिस्सा ४.७ अब्जांना घेतला आणि तो व्यवहार २०२५ मध्ये पुरा झाला. यात लीफ्सबरोबर बास्केटबॉलचे रॅप्टर्स आणि इतर संघही येतात. पण मधल्या सगळ्या वर्षांत लीफ्सच्या कपाटात एकही कप आला नव्हता.

तरीही मालकांना जिंकायचंच नसतं, असं म्हणणं चूक आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये खेळाडूंचा पगार नियमित हंगामातच देऊन होतो. त्यामुळे प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, घरच्या प्रत्येक सामन्याची तिकीटविक्री मालकासाठी जवळपास निव्वळ कमाई असते. पहिल्याच फेरीत बाहेर पडणं म्हणजे ती कमाई हातची जाणं. शिवाय २००५ पासून सर्व संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा आहे. टोरांटोकडे कितीही पैसा असला तरी तो ओतून कप विकत घेता येत नाही.

प्रश्न (पुणे): आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी सारखीच खर्चमर्यादा असते, मैदान समान. मग एनएचएलमध्ये मर्यादा सारखी असताना कॅनडाचे संघ चलनाच्या नावाने का रडतात?

कारण मर्यादा सारखी असली तरी ती अमेरिकन डॉलरमध्ये आहे. पगार रुपयांत आणि कर्जाचा हप्ता डॉलरमध्ये असला की घराची जी गत होते, तीच विनिपेग किंवा कॅल्गरीची. तिकिटं, खाणंपिणं, स्थानिक जाहिराती ही सगळी जमा कॅनेडियन डॉलरमध्ये, आणि सर्वात मोठा खर्च अमेरिकन डॉलरमध्ये.

हिशेब करून पाहा. २०२५-२६ ची मर्यादा ९ कोटी ५५ लाख अमेरिकन डॉलर. कॅनेडियन डॉलर ७२ सेंटला असेल तर तेच पगार सव्वातेरा कोटींच्या घरात जातात. दोन्ही चलनं बरोबरीला असती तर त्यातले पावणेचार कोटी वाचले असते. २००२ च्या जानेवारीत तर कॅनेडियन डॉलर ६२ सेंटच्याही खाली घसरला होता, आणि तेव्हा मर्यादा हा प्रकारच नव्हता. न्यूयॉर्क, डेट्रॉइटसारखे संघ वाटेल तो भाव देत होते. त्या काळात कॅनडाच्या लहान शहरांतले संघ तगले, याचंच मला नवल वाटतं.

सरकारने मदत करायचा प्रयत्न एकदा केला होता. २००० च्या जानेवारीत उद्योगमंत्री जॉन मॅन्ली यांनी कॅनडातल्या एनएचएल संघांसाठी केंद्राची मदत जाहीर केली. त्यावर देशभरातून असा संताप उसळला की तीन दिवसांत योजना गुंडाळावी लागली. हॉकीवर जीव टाकणाऱ्या लोकांनीच तिला विरोध केला. दवाखान्यांना पैसा नाही आणि कोट्यधीश खेळाडूंना आहे, हे त्यांना सहन झालं नाही. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

प्रश्न (माँट्रियल, विद्यार्थी): इथले लोक सांगतात की बघायला कोणी येत नव्हतं म्हणून बेसबॉलचे एक्सपोज गेले. खरं आहे का?

शेवटची दोनचार वर्षं पाहिली तर आकडे तसंच सांगतात. २००४ च्या अख्ख्या हंगामात साडेसात लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. पण त्याच शहरात, त्याच स्टेडियममध्ये १९८३ साली २३ लाखांहून जास्त लोक आले होते. वीस वर्षांत शहराचं बेसबॉलवरचं प्रेम आपोआप आटलं का? घटना क्रमाने पाहू.

१९९४ चा हंगाम. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा एक्सपोज ७४ विजय, ४० पराभव अशा कामगिरीवर साऱ्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अव्वल होते. संप मिटला नाही, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका रद्द झाली. पुढच्या एप्रिलमध्ये संप संपताच व्यवस्थापनाने पगार कमी करायचे म्हणून मार्कीस ग्रिसम, जॉन वेटलँड आणि केन हिल यांना काही दिवसांत दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. लॅरी वॉकरलाही जाऊ दिलं. आयुष्यातला सर्वोत्तम संघ लोकांनी पाहिला आणि तो पुरा खेळायच्या आतच मोडला. त्यानंतर गर्दी ओसरली, तर दोष कोणाचा?

मग स्टेडियम. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली ती अवाढव्य इमारत डाउनटाउनपासून पूर्वेला दूर आहे, आणि तिच्या छताची कटकट कायमची. तिचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. डाउनटाउनमध्ये नवं, लहान मैदान बांधायची योजना आली, पण प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, लुसियाँ बुशार यांनी सरकारी पैसा नाकारला. रुग्णालयं बंद करावी लागत असताना स्टेडियमला पैसे देता येणार नाहीत, हे त्यांचं कारण. २००० च्या हंगामात तर इंग्रजीत एक्सपोजचे सामने ना टीव्हीवर होते, ना रेडिओवर. इंग्रजी बोलणाऱ्या चाहत्यांना संघ ऐकूसुद्धा येत नव्हता!

२००२ मध्ये लीगनेच संघ विकत घेतला. पुढची दोन वर्षं घरच्या सामन्यांपैकी २२-२२ सामने प्वेर्तो रिकोत खेळवले. २००३ च्या ऑगस्टअखेर संघ प्लेऑफच्या शर्यतीत होता. सप्टेंबरात सगळे संघ आपल्या दुय्यम संघांमधून जादा खेळाडू बोलावतात, पण एक्सपोजना त्यासाठी पैसे मिळाले नाहीत. त्याउपरही २९ सप्टेंबर २००४ च्या शेवटच्या घरच्या सामन्याला ३१,३९५ लोक आले. मैदानात १९९४ च्या संघाच्या नावाने बेसबॉलमधला सर्वोत्तम संघ असा फलक उलगडला. एक्सपोज तो सामना ९-१ असा हरले आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला गेले.

माझं स्पष्ट मत असं की माँट्रियलचे प्रेक्षक शेवटी गेले. आधी पैसा गेला, मग खेळाडू, मग प्रसारण, मग भरवसा. क्यूबेक सिटीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथले हॉकीचे नॉर्डीक्स चांगल्या गर्दीसमोर खेळत होते, तरी १९९५ मध्ये विकले जाऊन डेन्व्हरला गेले आणि तिथे पहिल्याच वर्षी स्टॅन्ली कप जिंकले. क्यूबेक सिटीने २०१५ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरच्या सार्वजनिक खर्चाने १८ हजार खुर्च्यांचं नवं अरीना उभारलं. एनएचएलचा संघ आजतागायत आलेला नाही.

प्रश्न (हॅमिल्टन): टोरांटोच्या परिसरात दुसरा हॉकी संघ सहज चालेल. मग देत का नाहीत?

चालेल, यात शंका नाही. पण लीगच्या नियमांनुसार प्रत्येक संघाला आपल्या शहराभोवती ५० मैलांचं क्षेत्र राखीव असतं, आणि हॅमिल्टन टोरांटोच्या त्या टप्प्यात येतं. पलीकडे बफेलोही जवळ. ब्लॅकबेरीवाले जिम बॅल्सिली यांनी तीनदा संघ घ्यायचा प्रयत्न केला. २००९ मध्ये दिवाळखोर फिनिक्स कोयोटीज हॅमिल्टनला आणायला ते कोर्टात गेले आणि हरले. संघ कुठे खेळणार हे बाकीचे मालक ठरवतात, गर्दी नाही.

प्रश्न (रेजायना): आयटीच्या नोकरीसाठी नुकतेच इथे आलो. सामन्याच्या दिवशी सगळं गाव हिरवं होतं, माणसं डोक्यावर कलिंगड घालून फिरतात. एवढ्याशा गावात हे कसं परवडतं?

तुमच्या प्रश्नाने मला खरा आनंद झाला. सस्कॅचेवान रफरायडर्स हा तुमचा कॅनेडियन फुटबॉलचा संघ माझ्या मते कॅनडातला सर्वात शिकण्यासारखा संघ आहे.

त्या कलिंगडाकडे एकदा जवळून पाहा. अर्ध्या फळाचा गर चमच्याने कोरून काढतात, कडेला चेहऱ्यापुरती खाच कापतात आणि ते हेल्मेटसारखं घालतात. अस्सल चाहत्याच्या मानेवरून रस ओघळत असतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

गाव खरंच लहान आहे. २०२१ च्या जनगणनेत रेजायनाची लोकसंख्या सव्वादोन लाख, आणि मोझेक स्टेडियममध्ये ३३ हजार माणसं बसतात. म्हणजे दर सातातला एक माणूस आत मावतो. अर्थात सगळे रेजायनाचे नसतात. शेतकरी मंडळी तीन-चार तास गाडी हाकत येतात, सॅस्कटूनहून तर नेहमीच. साऱ्या प्रांतात दुसरा एवढा मोठा व्यावसायिक संघ नाही.

परवडतं कसं, तर एक म्हणजे सीएफएलचा, म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगचा, खर्च मुळात बेताचा. संघाचा एकूण पगार सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर, तोही घरच्याच चलनात. दुसरं, संघ कोणा एकाच्या मालकीचा नाही. लोकांनी २५० डॉलरचे शेअर घेतले आहेत. त्यांवर लाभांश मिळत नाही, मिळतो तो वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क. ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. खासगी मालकांचे संघ तो दाखवत नाहीत, म्हणून माझ्यासारख्याला हा ताळेबंद सोन्यासारखा.

हे प्रेम संकटातही टिकलं. १९८७ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा टीव्हीवर कार्यक्रम करून लोकांकडून पैसे उभे केले. १९९७ मध्ये पुन्हा तिकीटविक्रीची मोहीम काढावी लागली. २०२५ च्या नोव्हेंबरात रफरायडर्सनी ग्रे कप, म्हणजे सीएफएलचं विजेतेपद, जिंकलं तेव्हा मला त्या जुन्या देणगीदारांची आठवण झाली.

पण सामूहिक मालकी हा रामबाण उपाय नाही. एडमंटनचा संघ ७५ वर्षं लोकांच्या मालकीचा होता. घरच्या मैदानावर सलग २२ सामने हरले, तोटा साचला, ५० हजारांहून मोठ्या स्टेडियमचा वरचा मजला बंद ठेवावा लागला. २०२४ मध्ये तो एका उद्योजकाला विकला. आता सीएफएलमध्ये सस्कॅचेवान आणि विनिपेग हे दोनच संघ लोकांचे उरलेत.

प्रश्न (विनिपेग): हॉकीचे जेट्स पुन्हा जाणार का? माझ्या मुलांना भीती वाटते.

नजीकच्या काळात जाणार नाहीत, असं मला वाटतं. १९९६ मध्ये संघ फिनिक्सला गेला तेव्हा पगाराला मर्यादा नव्हती, डॉलर घसरत होता आणि नवं अरीना नव्हतं. आता मर्यादा आहे, अरीना संघाच्या मालकांचंच आहे, आणि त्या मालकांत डेव्हिड थॉमसन यांच्यासारखा देशातला अतिश्रीमंत माणूस आहे.

धोक्याची घंटा मात्र वाजून गेली आहे. २०११ मध्ये अटलांटाचा संघ इथे आला तेव्हा १३ हजार सीझन तिकिटं भराभर संपली, सर्वसामान्यांसाठीची विक्री तर १७ मिनिटांत. २०२३ पर्यंत तो आकडा साडेनऊ हजारांच्या आसपास घसरला. सुरुवातीच्या कराराची वर्षं संपली, कोविड आला, महागाई आली. मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं इथे मोजकीच, त्यामुळे भार कुटुंबांवर. इतर ठिकाणी कंपनी जे बिल भरते ते इथे शिक्षिका आणि ट्रकचालक भरतात. तेव्हा त्यांना निष्ठेचे धडे देऊ नयेत. हप्ते सोपे करावेत, अर्ध्या-पाव हंगामाची तिकिटं द्यावीत, पुन्हा मागे लागावं.

प्रश्न (कॅल्गरी): टीव्हीवर १७ हजार प्रेक्षक सांगतात, खुर्च्या तर रिकाम्या दिसतात. खोटं बोलतात का?

खोटं नाही, पण तुम्ही समजता ते मोजलेलं नसतं. जाहीर होतो तो विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा आकडा. दारातून किती आत आले हे संघाला माहीत असतं, ते सांगत नाहीत. बिअर, पार्किंग, टी-शर्ट यांची विक्री मात्र आलेल्या माणसांवरच अवलंबून असते.

प्रश्न (नाशिक): मुलगी ब्रॅम्प्टनला असते, जून ते ऑक्टोबर तिच्याकडे जातोय. आम्ही दोघं साठीच्या पुढचे. कोणता सामना पाहावा?

उन्हाळ्यात एनएचएल बंद असते, तेव्हा बेसबॉलचे ब्लू जेज पाहा. रॉजर्स सेंटर सीएन टॉवरला लागून आहे, युनियन स्टेशनपासून चालत जाता येतं आणि ऊन-पाऊस लागला तर छप्पर बंद होतं. क्रिकेट पाहणाऱ्याला तीन-चार डावांत बेसबॉलची गोडी लागते. वरच्या, पाचशे क्रमांकाच्या विभागातली तिकिटं सर्वात स्वस्त, पण पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर कडेची खुर्ची आणि लिफ्टच्या जवळचं दार निवडा. यँकीजविरुद्धचा शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी एखादा साधा प्रतिस्पर्धी असेल तेव्हा दर उतरतात. तिकीट घेताना सगळे कर आणि शुल्क धरून येणारी शेवटची रक्कम पाहूनच पैसे भरा.

ऑक्टोबरात ब्रॅम्प्टनमध्येच स्टीलहेड्सचा ज्युनियर हॉकीचा सामना नक्की पाहा. सोळा ते वीस वर्षांची पोरं खेळतात, तिकीट लीफ्सच्या तुलनेत अगदी किरकोळ आणि बर्फ इतका जवळ की स्केटचा आवाज ऐकू येतो. आत गारठा असतो, स्वेटर न्या.