अकराव्या शतकातला चिनी कवी सू तुंगपो याच्या हस्ताक्षरात एवढं काय आहे, त्याचा पुढे काय प्रभाव पडला, आणि ती शैली आपल्याला शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ते अक्षर तुम्हाला जाडंभरडं, दबल्यासारखं वाटतं. बरोबर वाटतं. त्याचा मित्र आणि शिष्य ह्वांग थिंगच्येन यानंच त्याला दगडाखाली चेंगरलेला बेडूक म्हटलं होतं. सू कुंचला तिरका धरायचा आणि मनगट टेबलावर टेकवायचा. हा दोष त्याच्या काळातल्या जाणकारांनीही दाखवलाय. पण त्याची 'थंड अन्नाच्या सणाच्या कविता' ही गुंडाळी बघितल्याशिवाय मत बनवू नका. (हा चूल न पेटवण्याचा आणि पितरांना कागद वाहण्याचा सण.)

1079 मध्ये कवितांतून दरबाराची निंदा केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. जीव वाचला, पण ह्वांगचौला हद्दपारी आली. तिथल्या तिसऱ्या वसंतात, 1082 मध्ये, त्यानं या कविता लिहिल्या. एकूण 129 अक्षरं. सुरुवात लहान, आवरलेली. दुसऱ्या कवितेत पाऊस थांबत नाही, नदी दारातून आत येईल की काय अशी भीती, आणि 'फुटक्या चुलीत ओले लव्हाळे जाळतो' या ओळीशी अक्षरं एकदम थोराड होतात. पुढे कावळ्याच्या चोचीतला कागद दिसतो आणि सणाची आठवण होते. त्या 'कागद' अक्षराचा शेवटचा फटकारा सुरीसारखा खाली उतरलाय. चुकलेलं अक्षर बाजूला ठिपके देऊन रद्द केलंय, पुन्हा सुबक प्रत काढलेली नाही. ह्वांगनं त्याच गुंडाळीवर पुढे लिहून ठेवलं की खुद्द तुंगपोला पुन्हा लिहायला सांगितलं तरी असं जमेलच असं नाही.

आता शिकण्याबद्दल. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तैवानमध्ये शिन्चूला राहायचो, तेव्हा मी एका निवृत्त शिक्षिकेकडे कुंचला धरायला शिकले. मला सू हवा होता. बाईंनी समोर ठेवला सूच्याही आधीच्या, थांग काळातल्या यान जनछिंगचा कित्ता. आडवी रेघ, उभी रेघ, ठिपका. पुन्हा आडवी रेघ. मी कुरकुर केली तर त्यांनी ह्वांगचा तोच मजकूर काढून दाखवला. त्यात लिहिलंय की या अक्षरात यानचं वळण आहे. विषय तिथेच मिटला.

भारतात परतल्यावर पुण्यात एका कार्यशाळेला गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सू तुंगपोचीच ओळ, 'माझ्या लिहिण्याला मुळात नियम नाही'. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, 'बघा, हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय. कित्ता गिरवणं हा गुलामीचा संस्कार. मनात येईल तसा कुंचला फिरवा.' लोक आनंदानं कागदावर शाई उडवायला लागले. मी उभी राहून म्हटलं, सर, ती कविता शी त्सांगशू नावाच्या मित्राच्या 'मदिराशाई' दालनावर आहे, आणि त्याच कवितेत मित्राचे झिजलेले कुंचले भिंतीशी डोंगरासारखे रचलेत. ती ओळ का नाही लावली? ते म्हणाले, 'ताई, तुम्ही फार पुस्तकी विचार करता.' सगळे हसले. मला अजून राग येतो. हातात वळण नसलेल्या माणसाची भावना कागदावर उतरत नाही, फक्त शाई उतरते. ओल्या लव्हाळ्यांच्या ओळीत अक्षर फुगलं ते त्या हातानं आयुष्यभर कित्ते गिरवले होते म्हणून.

प्रभावाचं विचारलंत. पुढे त्याच्या नि ह्वांगच्या लिखाणावर दरबारानं बंदी घातली, तरी लोक जपत राहिले. चारशे वर्षांनी मिंग काळातला वू क्वान हुबेहूब त्याच्या वळणानं लिहायचा. आणि अक्षर म्हणजे लिहिणाऱ्याचं मन, नुसती नजाकत नव्हे, हा त्यांच्याच सुंग काळातला विचार मुख्यतः सू, ह्वांग आणि त्यांचा समकालीन मी फू यांच्यामुळे रुजला.

न्यायाला धरून एक सांगते. 'मदिराशाई'च्या त्या कवितेचा शेवट असा आहे की इतकी मेहनत नको, लिहायचं रेशीम पांघरुणाला वापरा. माझ्या मते ती मित्राची थट्टा आहे. ते गृहस्थ तीच ओळ पुढे करतील. करू देत.

तुम्ही देवनागरीतच काम करणार असाल तर आधी बोरूनं बाळबोध वळण घोटा, मग मोडी, मग तुंगपो. आणि कुठल्याही वर्गाची फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा की त्यानं स्वतः कुणाचा कित्ता गिरवला. नाव सांगता आलं नाही तर पैसे देऊ नका.