बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पिंजऱ्याबाहेरची हरणं दिसतात का?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षांच्या मुलीला मोकळी, रानातली हरणं दाखवायची आहेत, तर बोरिवलीचं नॅशनल पार्क पुरेल की थेट ताडोबाचं बुकिंग करावं लागेल. ताडोबाचे पैसे तूर्तास राहू द्या. मी बोरिवली पूर्वेला राहतो आणि गेली अकरा वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पार्कात चालायला जातो. एकही चितळ न बघता परत आलोय असं फार क्वचित झालंय.

फक्त एक सांगून ठेवतो. गेटच्या आसपास जी चितळं दिसतील, तीही मोकळीच आहेत, पण माणसांना पार सरावलेली. दहा पावलांवर उभं राहिलात तरी मान वर करत नाहीत. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा त्याने विचारलं होतं, "मामा, याचा मालक कुठे गेला?" त्याचं काही चुकलं नव्हतं, ते चितळ गाईसारखंच उभं होतं. असं होण्याचं कारण आपणच. एक सद्गृहस्थ रोज पिशवीतून पाव आणायचे आणि "मुक्या जिवाला" म्हणून घालायचे. त्यांच्याशी मी दोनदा भांडलो, तिसऱ्यांदा दमलो. मग एका सकाळी एक मादी वेफर्सचं रिकामं पाकीट चघळताना दिसली. मिठाचा वास येतो, म्हणून ती पाकीट सोडत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात प्लास्टिक गेलं की ते पहिल्याच कप्प्यात अडकून बसतं, पुढे सरकत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि जनावर खंगत जातं. तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा की आपण बघायला चाललोय, खाऊ घालायला नाही.

खरी मजा आत आहे, कान्हेरीच्या रस्त्याला. मेन गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर पडतात. मुलीला तेवढं चालवू नका, पहिले दोन किलोमीटर पुष्कळ झाले. गर्दीचे आवाज मागे पडले की थांबा आणि वर बघा. हो, हरणं बघायला वर बघायचं! मे महिन्यात रस्त्याकडेला करवंदं विकायला बसणाऱ्या, आतल्या पाड्यावरच्या एका मावशींनी मला हे शिकवलं. म्हणाल्या, "वानरं कुठं हलतात ते बघ, हरणं खालीच असतात." वानरं अर्धं खातात आणि अर्धं टाकतात, ते टाकलेलं वेचायला चितळं झाडाखाली येतात. शिवाय वरून वानरांना लांबचं दिसतं आणि खाली चितळांना वास लवकर लागतो, त्यामुळे राखण दोघांचीही होते.

गेल्या जानेवारीतली एक सकाळ सांगतो. सात वाजून गेले होते, उंबराच्या झाडावर पाच-सहा वानरं होती आणि खाली नऊ चितळं. वरून उंबर पडलं की पाचोळ्यावर टप्प आवाज व्हायचा आणि जी जवळ असेल ती दोन पावलं टाकून ते उचलायची, कुठलीही घाई नाही. एक नर जरा बाजूला होता. त्याच्या शिंगांवर अजून मखमल होती, म्हणजे शिंगं वाढत होती. अशा वेळी त्यांत रक्त खेळत असतं आणि ती नाजूक असतात. तो फांद्यांमधून डोकं असं सांभाळून काढत होता, जसं आपण ओलं रंगवलेलं दार अंग न लावता ओलांडतो.

मध्येच एका मादीने खाणं थांबवलं. मान ताठ, दोन्ही कान पुढे, शेपटी वर, त्यामुळे खालचा पांढरा भाग एकदम डोळ्यात भरला. पुढचा एक पाय तिने जमिनीवर आपटला, थांबली, पुन्हा आपटला. मग ओरडली. चितळाचा इशारा शिट्टी आणि भुंकणं यांच्या मधला काहीतरी असतो, एवढ्या नाजूक प्राण्याकडून अपेक्षा नसते असा कर्कश. नऊच्या नऊ तोंडं एका बांबूच्या बेटाकडे वळली, वर वानरं चिडीचूप. मी रस्त्यावर श्वास धरून उभा. आज बिबट्या दिसणार याची मला पक्की खात्री झाली होती. चारेक मिनिटांनी बांबूतून बाहेर आलं ते एक पिवळट भटकं कुत्रं!

हसायला येतं, पण चितळांचं चुकलं नव्हतं. कुत्र्यांच्या टोळ्या पाडसांच्या मागे लागतात आणि मोठ्या चितळालाही दमवून पाडतात. कुत्री पार्कात येतात कचऱ्यामागे, आणि कचरा कोण टाकतं ते वर आलंच आहे.

बिबट्याचं नाव निघालंच आहे, तर ते मिटवून टाकू, कारण मूल बरोबर आहे. बिबटे आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून झालेल्या अभ्यासात ३५ नोंदले गेले होते. दिवसा माणसांच्या वाटेला जायची त्यांना हौस नसते, मला अकरा वर्षांत एकदाही दर्शन झालेलं नाही. तरी डांबरी रस्ता सोडू नका, मुलीला पुढे धावत जाऊ देऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. झाडीत आडोशाला एकटं पाठवायचं तर अजिबात नाही.

चितळाखेरीज आणखी काय दिसेल? सांबर आहेत, पण ते रात्री फिरणारे, पहाटे किंवा तिन्हीसांजेला नशीब असेल तर. भेकर बहुधा नुसतं ऐकू येतं. झाडीत कुणी खोकल्यासारखं कुत्रं भुंकतंय असं वाटलं, तर ते भेकर समजा. पिसोरी सशापेक्षा थोडं मोठं आणि इतकं लपून राहणारं की त्याच्या आशेवर जाऊच नका. खरं तर ते हरणांच्या कुळातलंही नाही. नराला शिंगं नसतात, वरच्या जबड्यातून सुळे बाहेर आलेले असतात. मुलीला ही गोष्ट मात्र जरूर सांगा. सुळ्यांचं हरीण म्हटल्यावर माझा भाचा आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हता.

आणि "हरणांची शिंगं गळतात का" हा प्रश्न ती विचारेलच. चितळ, सांबर, भेकर ही सारंग कुळातली, यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट कुरंगांपैकी, त्याची जन्मभर तीच. रानात गळलेलं शिंग दिसलं तर हात लावून बघा आणि तिथेच ठेवा. घरी आणणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि साळिंदरं ती कॅल्शियमसाठी कुरतडतात. मला एकदा सापडलेल्या शिंगावर दातांच्या समांतर रेघा होत्या, पटाशीने तासल्यासारख्या.

कधी जावं? डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सगळ्यात सोयीची. एप्रिल-मेमध्ये पानं गळून रान उघडं पडतं आणि जनावरं पाण्याजवळ राहतात, त्यामुळे दिसायला जास्त, पण मुंबईचा उकाडा लहान मुलीला सोसेल का ते तुम्हीच ठरवा. पावसाळ्यात पार्क देखणं असतं, पण झाडोरा एवढा वाढतो की चितळ पाच हातांवर असलं तरी नुसता कान दिसतो. सोमवारी पार्क बंद. रविवारी मात्र दहाच्या आत बाहेर पडा, नंतर ब्लूटूथ स्पीकरवाले येतात.

कुणी म्हणेल, १०४ चौरस किलोमीटरचं रान मुंबईसारख्या शहराच्या पोटात उरलं कसं? पाण्यामुळे. विहार तलाव १८६० सालचा, तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी पाजायचं तर तलावांभोवतीचे डोंगर राखणं भाग होतं, आणि त्या डोंगरांबरोबर चितळंही राखली गेली. नळाला येणाऱ्या पाण्यापायी वाचलेली हरणं, असं मुलीला सांगितलंत तरी चालेल.

कपडे भडक नकोत, पावडर-सेंट नको. दुर्बीण असली तर घ्या, नसली तर वाण्याकडून आणायची घाई करू नका, स्वस्तातल्या दुर्बिणीतून मुलांना स्वतःच्या पापण्याच दिसतात. एक छोटी वही मात्र घ्या. हरणं दिसेपर्यंत तिला मातीतले ठसे आणि लेंड्या शोधायला लावा. चितळाचा ठसा म्हणजे दोन टोकदार पाकळ्या एकमेकींना टेकवलेल्या. ओढ्याकाठच्या मऊ मातीत पुलापाशी हमखास सापडतो. मी तिथे साधारण साडेसातला असतो, डोक्यावर हिरवी टोपी. दिसलो तर हाक मारा, उंबर कुठलं ते दाखवतो.